गेटच

“इथं चालत होता ना हा प्रोग्राम? मंग तिथं काऊन नाई चालला, सर?” हिमांशूनं योगराज सरची कॉलर धरली अन् त्याले माझ्या डब्यावरच आपटलं. पडदा तडकला.

मित्रांनो, गोंदियातल्या या कॉम्प्युटर क्लासात राहणारा मी एक जुना कंपायलर होय. पोट्टे सी भाषेत लिवतेत, मी ते मशीनले समजावून सांगतो.

सी भाषेचं एक मानक पुस्तक आहे. कोन्ता शब्द चालते, कोन्ता नाई, सारं त्यात. ते छापून आलं तवा मी शाळा सोडून कामाले लागलो होतो. थोडं पुस्तकाचं घेतलं, बाकी घरचं जोडलं. गेटच हा माझा असाच घरचा शब्द. गेटच म्हनलं का कोनी बटन दाबेपर्यंत मी थांबून राहतो. उत्तर पडद्यावर टिकते. पोट्ट्यांनी लय तारीफ केली माझी.

घरचा शब्द काई गुन्हा नाई. तुमी नाई ‘काऊन’ म्हनत? पन पेपरात ‘का’ लिवा लागते, हे तुमाले ठाऊक आहे. गेटचचं कोनी सांगतलंच नाई. सरचं एकच, “चाललं ना? मंग बरोबर होय.”

हिमांशू बिरसीले नोकरीची परीक्षा द्याले गेला. तिथला कंपायलर नवा, पुस्तकाले धरून चालनारा. गेटच पाहून म्हने, ओळखत नाई. प्रोग्राम तिथंच मेला. घरचे शब्द त्या नव्या कंपायलरजवळबी आहेत. पन विचारलं तं वेगळे काढून दाखवते. मले कोनी शिकवलं तसं?

सरनं कीबोर्ड उचलून हिमांशूच्या तोंडावर हानला. बटनं उडाली, नाकातून रक्त आलं.

“पुस्तक वाचाचं होतं ना, गधड्या!”

“दाखवलं कधी तुमी?”

हिमांशूनं खुर्ची उचलली. सर बाहेर पळाला. आता खुर्ची माझ्याकडं वळली आहे.

तडकलेल्या पडद्यावर त्याचाच प्रोग्राम गेटचवर थांबून आहे. उद्या त्याले परत परीक्षेले बसू देनार आहेत. मित्रांनो, सांगा ना त्याले! गेटचच्या तेवढ्या ओळी काढ, बाकी सारं खरं होय. अन् तुमीबी मशीनले विचारत जा, हे पुस्तकातलं का तुह्या घरचं? फोडून काई समजत ना—

खुर्चीचा पाय कीबोर्डावर पडला. उरलेलं एक बटन दाबल्या गेलं. मले आता जा लागते.