नाना टिपणीसांचं अगत्य

नानांनी मोरीचा पडदा ओढला, तोच दारावर थाप पडली.

पडद्याआड गुणाजी होता. लालबागच्या गिरणीतला कामगार, एवढंच त्याने धापा टाकत सांगितलं होतं. खाली रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर लाठ्या चालल्या, तसा तो गिरगावातल्या या चाळीचा जिना चढून वर आला आणि नानांच्या पत्नीने, अंबिकाबाईंनी, कुणाला न विचारता त्याला आत घेतलं. नाना टिपणीस म्हणजे नावाजलेले कादंबरीकार. मनुष्यस्वभावावर डझनभर कादंबऱ्या, आणि सगळ्यांचा सूर एकच: माणूस मुळात स्वार्थी. आता बायकोचं हे वागणं कुठे बसवावं ते त्यांना कळेना. मघापासून ते नुसत्या येरझारा घालत होते.

दारात हवालदार होता. त्याचे शिपाई शेजारच्या खोल्या धुंडाळत होते.

"या, या. बसा ना."

नानांनी खुर्ची स्वतः आणली, वर पंच्याने पुसली. एरवी प्रकाशक आला तरी ते जागचे हलत नसत. हवालदाराचं गाव विचारलं, मुलंबाळं विचारली, चहाचा आग्रह केला. तो नको म्हणाला तरी पुन्हा केला, आणि कपबशी भरून आणलीही. आपलं जरा अति होतंय हे त्यांना कळत होतं. पण थांबलो तर मोरीतली धाप ऐकू येईल, या भीतीने तोंड थांबत नव्हतं.

हवालदाराची नजर पुस्तकांच्या फळीवर गेली.

"कादंबऱ्या लिहितात ते टिपणीस तुम्हीच काय?"

नाना हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपण ते नसतो तर बरं, असं वाटलं.

"चौकीत वाचतो मी. तुमचं एक वाक्य तर पाठ आहे. 'माणूस कधी नव्हे एवढं अगत्य करू लागला, की समजावं तो काहीतरी झाकतोय.'"

नानांनी पुढे केलेली कपबशी मागे घेतली. हे वाक्य सुचलं तेव्हा ते आठवडाभर स्वतःवर खूश होते. अंबिकाबाई पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि उरलंसुरलंही उघडं पडलं.

हवालदाराने पडद्याकडे पाहिलं. मग तो खुर्चीत बसला, नानांच्या हातातून कपबशी घेतली, चहा बशीत ओतून फुंकर घालत सावकाश प्यायला. शिपायाने दारातून विचारलं, इथलं झालं का.

"ही खोली मी बघितली. तुम्ही वरच्या माळ्यावर व्हा."

शिपाई गेले. हवालदार उठला, टोपी नीट केली.

"पुढे त्या कादंबरीत झाकलेलं ओळखणारा माणूस चुगली करतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तेवढं मला पटलं नव्हतं साहेब."

त्याचे बूट जिन्यावरून वर गेले. नानांनी रिकामी कपबशी उचलून विसळली. मग पडदा सरकवून त्यांनी गुणाजीला विचारलं, चहा घेणार का. उत्तराची वाट न बघता त्यांनी त्याच्यासाठीही खुर्ची पुसली.