डाव्या हाताचा ठेका

पक्षाघाताने आईची उजवी बाजू गेली. रामदासपेठेतल्या इस्पितळातून घरी आणल्यावर कितीतरी दिवस ती पियानोकडे बघायचीसुद्धा नाही. मग एका सकाळी तिने मला बाकावर आपल्या उजवीकडे बसवलं.

"तू उजवा वाजव. डावा माझ्याकडे आहे."

जीभ जड झाली होती, पण हुकूम करायची पद्धत तीच.

शोपाँचं एक नॉक्टर्न, म्हणजे रात्रीची संथ पाश्चात्त्य धून, आम्ही घेतलं. सदरमधल्या शाळेत आईने कितीतरी मुलींना ते शिकवलं होतं, आणि समजावायची तिची रीत ठरलेली होती. डावा हात म्हणजे तबलजी, उजवा म्हणजे गवई. गवयाने हवं तिथे रेंगाळावं, घाई करावी, पण तबलजीने त्याच्यासाठी ठेका मोडायचा नाही. भेटायचं ते समेवर.

शेवटच्या पानावर उजव्या हाताला बारीक सुरांची एक लांब लड आहे. खाली डाव्याचे ठोके मोजकेच, आणि वरचे सूर त्यांत सारखे वाटले जात नाहीत. तिथे मी हमखास मागे पडायचे आणि आशेने आईच्या हाताकडे बघायचे. तो हात पुढे निघून गेलेला असायचा.

"जरा थांब ना गं."

"मी काय कामठीची शेअर ऑटो आहे, सवारी भरेपर्यंत थांबायला?"

स्वयंपाकाला येणारी पंचफुला आतून ओरडायची, "मायलेकी एकच गाणं वाजवून राहिल्या, पन आयकू येते भांडण!" आई हसायची. हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला यायचं.

थंडी सरत आली तेव्हा तिने एकदा वाजवता वाजवता सांगितलं, "मी गेल्यावर हे एकटीने वाजव. लोकांसमोर. चुकलीस तरी चालेल, पण डाव्याला थांबू देऊ नकोस." मी काहीतरी बोलायला गेले, तोवर ती दोन ओळी पुढे होती.

वैशाखात दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही.

यमुआत्याने आल्या आल्या पियानोवर चादर घातली. "सुतकात वाजवतात का गं? शेजारीपाजारी काय म्हणतील?" बाबा खिडकीशी बसून होते. आईची जुनी विद्यार्थिनी काजल हिने तेरवीच्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती, आणि मी वाजवणार हे सगळ्यांना कळवूनही टाकलं होतं. नाही म्हणायचं माझ्याही मनात नव्हतं. आईने एवढं एकच मागितलं होतं.

म्हणून मी जेवणाच्या टेबलावर सराव केला. लाकडावर डावा हात, मग दोन्ही.

"ताई, आवाज नाही काही नाही, त काहून बोटं मारून राहिल्या?" पंचफुलाने विचारलं.

"डाव्या हाताला सवय करतेय."

"तो त बाईचा हात होय," ती म्हणाली आणि मला जागा व्हावी म्हणून भाजीची परात उचलून घेऊन गेली.

टेबलावर सगळं जमत होतं. डावा हात थांबत नव्हता. कारण उजव्याला आवाजच नव्हता. मागे पडून तो केविलवाणा वाजेल, ही भीती नव्हती.

हॉलमध्ये कूलरची घरघर होती. ती बंद केली, तशी लोकांनी पत्रिकांनी वारा घ्यायला सुरुवात केली. हार घातलेला फोटो पियानोच्या डाव्या अंगाला ठेवला होता. मी बसले ती बाकाच्या उजव्या टोकाला. काजल हळूच म्हणाली, "ताई, मधे सरका ना." मी सरकले.

पहिली दोन पानं नीट गेली. डावा हात आपला चालत होता, उजवा त्याच्यावर रेंगाळत होता. मला क्षणभर वाटलं, जमलं. मग शेवटच्या पानावर ती लड आली. उजवा मागे पडला, नेहमीसारखा. आणि डावा थांबला. मी त्याला थांबवलं नाही. शिकवलेल्या नोकराने दार धरून उभं राहावं तसा तो आपणहून थांबला, शेवटचा सूर येईपर्यंत, आणि मग दोघे मिळून समेवर आले. कुठे धक्का नाही, धाप नाही.

त्यानंतर रचनेत थोडंच उरतं. ते मी वाजवलं.

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. लोक उठून नमस्कार करून जाऊ लागले. काजलने डोळे पुसले. "अगदी मॅडमसारखं," ती म्हणाली.

यमुआत्या बाबांना धरून पुढे घेऊन आली. "मला यातलं कळत नाही, पण किती सोबत वाजले गं दोन्ही हात!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बाजूच्या खोलीत पेपर वाचत त्यांनी ते नॉक्टर्न ऐकलं होतं, आणि आईचा डावा त्यात कधीच थांबला नव्हता.

"हो," ते म्हणाले. "दोन्ही हिचेच होते."