पहिल्याच हाकेला

विनिपेगच्या गार्थने प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रा आणला. नाव आइस हॉकीतलंच हवं, यावर नवरा-बायकोचं एकमत होतं. मॉरीनने "पेनल्टी", "रेफरी", "गोलकीपर" अशा हाका मारल्या, पण कुत्र्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग गार्थ हळूच म्हणाला, "हॅट्ट्रिक?" तसा तो उडी मारून थेट त्याच्या मांडीवर चढला.

मॉरीनच्या मनात पाल चुकचुकली. "काय रे, आज आणलेल्या कुत्र्याला हे नाव ठाऊक कसं? कुणाचा पळवून तर नाही ना आणलास?"

"नाही गं! महिनाभर माझ्या भावाकडे लपवला होता. तू नकोच म्हणाली असतीस."

"म्हणून तुझा भाऊ रोज आपल्याकडची हाडं मागून न्यायचा?"

गार्थने मान खाली घातली. मॉरीनने कुत्र्याला जवळ ओढलं. "हॅट्ट्रिक, बाबा, तुझा मालक भारी लबाड आहे."