डावीकडची कुंडी

“अहो, कुंडी. डावीकडे कुंडी आहे.”

“दिसतेय मला. तीस वर्षं गाडी चालवतोय.”

“तुम्ही तीस वर्षं चालवताय, पण कुंडी कालच ठेवलीय ना तिथे.”

असली कुरबुर माझ्या पुढच्या दोन सीटांवर रोज चालायची. कुंडी वाचायची. मास्तर नाक फुगवून पुढे बघायचे आणि बाई पदराने काच पुसल्यासारखं करायच्या.

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माझा रंग निळा होता, हे आता सांगावं लागतं. भंगारवाल्याने माझ्या पुढच्या हुकात दोर अडकवलाय आणि गाठ पक्की बसली का ते तो बघतोय. त्याचं होईपर्यंत माझी हकिगत ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एकाने दारं बसवली, दुसऱ्याने काचा, तिसऱ्याने चाकं. सगळे घाईत होते. जीव लावला तो मास्तरांनी. ते शाळेत भूमिती शिकवायचे, पण गल्लीत त्यांना सगळे ‘गिअरमास्तर’ म्हणायचे. भूमिती विचारली तर पाच मिनिटांत सुटका व्हायची. गाडीचं विचारलं तर घरून बोलावणं येईपर्यंत माणूस सुटायचा नाही.

प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत होतं. गाडी सुरू केल्याबरोबर पळवू नये, झोपेतून उठवलेल्या माणसाला कुणी पळायला लावतं का? क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारा आणि उंबऱ्यात उभा राहून गप्पा मारणारा पाहुणा, दोघे सारखेच. धड आत नाहीत, धड बाहेर नाहीत. सारखा हॉर्न वाजवणाऱ्याला ब्रेकवर भरवसा नसतो. आपोआप गिअर बदलणारी गाडी म्हणजे दुसऱ्याने भरवलेला घास. आणि सगळ्यात लाडकं वाक्य हे, की गाडीला तीन आरसे असतात, तिन्हींत बघत नाही तो ड्रायव्हर नव्हे, नुसतं सामान.

बाईंनी हे सगळं इतकं ऐकलं होतं, की मास्तरांनी वाक्य अर्धवट सोडलं तर त्या पुरं करायच्या.

ते माझे सुखाचे दिवस होते. रविवारी मास्तर बादलीभर पाण्याने मला धुवायचे. पाइप लावू द्यायचे नाहीत, सांध्यात पाणी जातं म्हणून. कानामागचं पुसावं तसं दरवाजांच्या फटींतून फडकं फिरवायचे. मुलीच्या परीक्षा, तिचं लग्न, नातीला दवाखान्यातून घरी आणणं, सगळं माझ्यातून झालं. बावीस वर्षांत माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता. मास्तर लोकांना बोट फिरवून बघायला सांगायचे.

मग दोन वर्षांपूर्वी मास्तर एका सकाळी अंगणात बसल्या बसल्या कलंडले. अर्ध्या तासात उठून बसले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जीभ शाबूत, हातपाय शाबूत, सगळ्यांना हायसं वाटलं.

मला मात्र दुसऱ्याच आठवड्यात कळलं. शेजारच्या सायकलचा धक्का लागून माझा डावा आरसा मिटला होता. मास्तर तसेच तीन दिवस मला चालवत राहिले. तीन आरशांचं पुराण सांगणारा माणूस, आणि एक आरसा मिटलेला आहे हे त्याच्या ध्यानात येईना. चौथ्या दिवशी बाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि आरसा उघडला. त्यानंतर त्या थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत बसल्या.

त्या दिवसापासून मास्तरांची डावी बाजू बाई झाल्या. “किती धूळ आहे हो त्या सायकलवाल्याच्या टोपीवर,” असं त्या म्हणायच्या, म्हणजे डावीकडे सायकल आहे. “पोरांना शाळा नाही वाटतं आज,” म्हणजे डावीकडे पोरं आहेत. मास्तर “चालू झाली तुझी बडबड” म्हणत गाडी उजवीकडे घ्यायचे. मास्तरांनी कधी विचारलं नाही, बाईंनी कधी सांगितलं नाही. भाजी आणायची असो की नुसतं पेट्रोल भरायचं असो, त्या चपला घालून तयार असायच्या.

तरी कधी बोलणं अर्ध्या क्षणाने चुकायचं. माझ्या डाव्या दाराला पोचा आला, मग डाव्या दिव्याला तडा. मास्तर म्हणाले, गाडी डावीकडे ओढतेय. मिस्त्रीने चाकं सरळ करून दिली. महिन्याने पुन्हा तेच. मिस्त्री मला मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले, आणि मी दोरीवर चालावं तशी सरळ गेले. त्याने माझी उजवी बाजू पाहिली, कोरी करकरीत. डावी पाहिली. परत येऊन म्हणाला, “जुनी झालीय मास्तर. बघतो काहीतरी.”

पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, वर मास्तरांनी त्याच्या मुलाला फुकट भूमिती शिकवलेली. कुठल्या तोंडाने सांगणार?

फाटकाशी मात्र रोजचा रिवाज होता. बाई आधी उतरायच्या, फाटकाच्या दोन्ही बाजू उघडायच्या, खाली वाकून डावीकडची कडी जमिनीतल्या भोकात बसवायच्या आणि “या” म्हणायच्या. मग मास्तर मला आत घ्यायचे. गेल्या पावसाळ्यात ती कडी गंजली. एक दिवस ती बसेचना. बाई वाकून खटपट करत होत्या, त्यामुळे “या” आलंच नाही. मास्तरांना फाटक उघडं दिसलं, त्यांना वाटलं त्या आत गेल्या.

साऱ्या गावभर त्या त्यांची डावी बाजू सांभाळायच्या, आणि त्या जागी त्या स्वतःच डावीकडे होत्या.

मित्रांनो, मी थांबले. ब्रेकवर पाय पडताक्षणी थांबले. पण पाय पडला तो किंकाळीनंतर.

बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मुलगी पहिलं वाक्य बोलली ते असं, “ब्रेक फेल झाले.” मास्तर तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्या वाक्याने त्यांची मान वर आली. मग तेच वाक्य शेजाऱ्यांनी घेतलं. मिस्त्रीने माझे ब्रेक तपासले, कचकन दाबले, मी जागच्या जागी उभी. मुलगी त्याच्याकडे बघत होती.

“जुनी गाडी,” तो म्हणाला. “होतं असं.”

मला राग नाही आला. इतकी वर्षं त्यांचं ओझं वाहिलं, त्यात हेही एक.

पण जाताना तुमच्याजवळ एक मागणं आहे. आमचं तेल बदला, हवा भरा, धुवा, पुसा, ते सगळं चांगलंच. मात्र आमच्या पोच्यांकडे नीट बघा. एकाच बाजूला पोचे येणारी गाडी काहीतरी सांगत असते, आणि तिला तोंड नसतं.

गाठ पक्की झाली आहे. मास्तर जवळ आलेत. बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणतात, “तुला पोटच्या पोरीसारखं जपलं. दगा दिलास.”

मग हात झटकून ते मुलीकडे वळतात. “परवा नवी येतेय. तिचे ब्रेक बघितलेत मी, नुसता पाय लावला की थांबते. सोमवारपासून छोकरीला शाळेतून मीच आणणार. दोन गल्ल्यांवर तर शाळा. तुझ्या आईला दगदग नको, मी एकटा जाईन.”

मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतेय. मिस्त्री दोराकडे बघतोय, जणू आयुष्यात पहिल्यांदाच दोर पाहतोय. नात मास्तरांच्या डाव्या हाताशी उभी आहे, आजोबांना तोंड वर करून काहीतरी विचारतेय, आणि ते तिला इकडेतिकडे शोधताहेत.

पायरीवर वॉकरचा आवाज होतो. बाई दारात आल्या आहेत.

“अहो,” त्या म्हणतात. आवाज कुंडीबद्दल बोलताना असायचा तसाच आहे. “ब्रेक लागला होता. मी आवाज ऐकला. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी तुम्हाला दिसलेच नाही.”