सावलीकडचा गाल

लहान मुलांची चित्रं काढून देणं हा माझा धंदा. तीस वर्षं झाली. आईबाप मुलाला घेऊन येतात, मी त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवतो. एका चित्राला चार-पाच दुपारी जातात. मूल पुढे मोठं होतं, मिशा फुटतात, भिंतीवर मात्र तेवढंच राहतं.

मुलांना जागेवर बसवून ठेवायचं काम आमच्या हिचं. खिडकी मुलाच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला स्टुलावर ही. ती मुलांना काहीही सांगायची. मासा शाळेत गेला, मग त्याचं दप्तर भिजलं, असलं काहीतरी. खोली गार, म्हणून तिच्या अंगावर कायम एक पिवळी शाल असायची.

"अगं, जरा माझ्याकडे बघू दे की त्याला," मी म्हणायचो.

"तुमच्या तोंडाकडे बघून रडेल ते."

मागच्या थंडीत ही गेली. मी स्टूल कोपऱ्यात सरकवलं आणि शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. डोळ्यांसमोर नको वाटायचं.

त्यानंतर तीन चित्रं केली. तिन्ही बिघडली. नाक बरोबर, डोळे बरोबर, पण सावलीकडचा गाल, म्हणजे खिडकीच्या विरुद्ध बाजूचा, निळसर यायचा. गार. एक आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे हो. पण आमचा बाळ्या तापातून उठल्यासारखा का दिसतोय?"

मी रंग बदलले. रंगवाल्याशी भांडलो. नाचता येईना अंगण वाकडं, असं ही म्हणाली असतीच. शेवटी मनाशी ठरवलं, आता एकच चित्र. तेही असंच निघालं तर ब्रश खाली ठेवायचा. हात हिच्याबरोबर गेला असं समजायचं.

ते चित्र एका घड्याळजीच्या मुलीचं होतं. हा घड्याळजी पाच वर्षांचा असताना माझ्याच खुर्चीत बसला होता. मुलीला आणताना तो आपलं जुनं चित्र कागदात गुंडाळून घेऊन आला.

"काका, हिचं याच्या शेजारी लावायचंय. जोडी जमली पाहिजे." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "काकू?"

मी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं. तो समजला.

चित्राचा कागद सोडत म्हणाला, "मला माशाची गोष्ट सांगितली होती त्यांनी. शेवट आठवत नाही."

"शेवट नव्हताच. रोज वेगळा असायचा."

मुलगी सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. घरात तिला खारूताई म्हणत. जुनं चित्र मी समोर भिंतीला टेकवून ठेवलं. तीच खिडकी, तीच खुर्ची. पण त्या चित्रातला सावलीतला गाल आतून कुणी दिवा लावल्यासारखा उबदार होता. हे मीच काढलं होतं, पण कसं काढलं ते मला आठवेना. दोन दुपारी मी तो रंग शोधला. खारूताईचा गाल निळाच.

तिसऱ्या दुपारी ती बाहुली घेऊन आली.

"हिला पण बसायचंय."

"तुझ्या मांडीवर घे."

"नाही. ती मोठी आहे आता."

मी स्टूल आणून खुर्चीशेजारी पूर्वीच्याच जागी ठेवलं. बाहुली बसली. लगेच दुसरी तक्रार.

"आजोबा, तिला थंडी वाजतेय."

"बाहुलीला कसली थंडी?"

"मग हात लावून बघा!"

हात लावला. गारच होती बिचारी. घरात दुसरं काही सापडेना, म्हणून ट्रंक उघडली. शाल मोठी, बाहुली एवढीशी. खारूताईनं बाहुलीसकट सगळं स्टूल गुंडाळलं आणि खुर्चीत जाऊन बसली.

तीनच्या सुमाराला त्या खोलीतला उजेड जड होतो. भिंती लांब गेल्यासारख्या वाटतात. खारूताईला डुलकी येत होती, पण ती बाहुलीला हळूहळू सांगत होती, "मग मासा शाळेत गेला... मग बाई म्हणाल्या, दप्तर का भिजलं..." बापानं सांगितलं असणार. मला वाटलं आपण सगळेच पाण्यात बसलोय आणि पाणी कोमट आहे. अशात मी वर बघितलं.

गाल पेटला होता.

मी उठलो, स्टुलावरची शाल उचलली. गाल विझला. परत ठेवली. पुन्हा तो उबदार रंग. खिडकीचा उजेड शालीवर पडत होता आणि तिथून तो पिवळा होऊन गालावर जात होता. एवढंच. तीस वर्षं मला वाटत होतं की ती ऊब माझ्या हातात आहे.

"अहो, सारखी शाल काय काढताय?" खारूताई ओरडली. "ती झोपलीय!"

"चुकलं माझं," मी म्हणालो आणि ब्रश घेतला.

रंग नेहमीचेच होते. रंगवाल्याची माफी मागायला हवी, असं वाटून गेलं. समोर घड्याळजीचा लहानपणीचा गाल, इकडे त्याच्या मुलीचा. मी भरभर काढत गेलो. गोष्ट ऐकू येत होती. आवाज बदलल्यासारखा वाटला, तरी मी मान वळवली नाही. स्टुलाकडे बघायची मला कधीच सवय नव्हती.

पाचला घड्याळजी आला. मुलगी खुर्चीतच झोपली होती. त्यानं आधी चित्र बघितलं, मग आपलं जुनं, मग शाल. शालीवरून एकदा हात फिरवला.

"झालं ना काका?"

झालं होतं. एक ठिपकाही राहिला नव्हता.

"उद्या आण तिला," मी म्हणालो. "आणि बाहुलीला इथेच राहू दे. उगाच उठवू नकोस."