फवारणीवाल्याच्या घरचा तरवड

"असा किडा अजून जन्माला यायचाय, ज्याच्यावर माझ्याकडे औषध नाही," हे फवारणीवाल्याचं लाडकं वाक्य. वीस वर्षं त्याने गावभरची झुरळं, ढेकूण, वाळवी यांना सळो की पळो करून सोडलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. का नसावा? पंचाईत एवढीच, की त्याच्या बायकोला फुलपाखरं हवी होती.

ती पोस्टातून नुकतीच निवृत्त झाली होती. तीस वर्षं तिकिटांवरची फुलपाखरं विकली, आता खरी बघायची, असं म्हणत तिने बाल्कनीत कुंड्या मांडल्या. शोभेची रोपं नाहीत. इथल्या फुलपाखरांना इथलीच झुडपं लागतात असं कुठंसं वाचून तिने माळावर आपसूक वाढणारे तरवड आणि निर्गुडी आणून लावले. झुडपं फोफावली. तरवडाला पिवळीधमक फुलं आली, निर्गुडीला निळे तुरे. फुलपाखरू मात्र औषधालाही नाही. समोरच्या इमारतीत एका फुटक्या कुंडीवर दोन-दोन भिरभिरायची, ती पाहून ही आणखीच हिरमुसायची.

"माझ्या हातालाच यश नाही," ती एका सकाळी म्हणाली. येत्या रविवारी कुंड्या धाकट्या बहिणीला देऊन टाकायच्या, असंही तिने ठरवून टाकलं.

नवऱ्याला फार वाईट वाटलं. समजूत काढणं त्याला कधी जमलं नव्हतं, म्हणून तो नुसताच कुंड्यांपाशी जाऊन उकिडवा बसला. ओल्या मातीवर तीन मधमाश्या पडल्या होत्या, उताण्या, पाय आखडलेल्या. असं मरण तो चांगलं ओळखत होता. त्यावरच तर घर चालत होतं. तेवढ्यात बायको त्याचे कामावरचे कपडे पिळून, पाणी वाया जाऊ नये म्हणून बादली घेऊन आली आणि रोजच्यासारखी कुंडीत ओतायला वाकली.

त्याने बादली धरली, पण खरं सांगायला जीभ रेटेना. कंपनीचा नवा नियम निघालाय, गणवेश यापुढे गोदामातच धुवायचा, अशी थाप त्याने ठोकून दिली. माती जुनी झाली म्हणत त्याच दिवशी ती तळापर्यंत बदलली, आणि "पुढच्या रविवारी नेऊ" करत बहिणीकडची पाठवणी पाच रविवार लांबवली.

सहाव्या आठवड्यात बायकोची हाक आली. तरवडाच्या पानांची चाळण झाली होती आणि फांदीफांदीवर हिरव्या अळ्या होत्या. एवढंच बाकी राहिलं होतं, असं म्हणत तिने त्याला पंप आणायला फर्मावलं.

तो वाकून बघत राहिला. त्याचा चेहरा असा खुलला, की तिला त्याच्या डोक्याविषयी शंका आली.

"ह्या किड्यावर माझ्याकडे औषध नाही," तो म्हणाला.

"तुमच्याकडे?"

"ही फुलपाखरंच आहेत, अगं. पंख तेवढे यायचेत."

मग मधमाश्या, गणवेशाचं पाणी, कधीच न निघालेला नियम, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं आणि बोलणी खायला मान खाली घातली.

तिने चाळण झालेलं एक पान हळूच उलटून पाहिलं.

"म्हणजे माझ्या हाताला यश होतं," ती शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही पाच रविवार मला ते सांगितलं नाहीत."

तिने आतून स्टूल आणून तरवडासमोर ठेवलं आणि त्याला त्यावर बसवलं. पहिलं फुलपाखरू उडेपर्यंत सुट्टीच्या दिवशी पहारा त्याचा. पक्षी आले तर हुसकावायचे, पण नुसत्या हाताने, असं बजावून ती हसू दाबत आत गेली.

तो निमूट बसला. हुसकावण्यात तरी त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.