फुंकर

ॲन्सेल्म मास्तरांनी पाटीची कड दगडी पायरीवर आणखी दोनदा घासली, बोट फिरवून पाहिलं आणि पाटी कमळीच्या हातात दिली.

"आता फुंकर मार."

कमळीने गाल फुगवले. राखाडी भुकटी उडाली ती समोरच्या पोरांच्या केसांवर बसली. पोरं हसली.

अठ्ठेचाळीसच्या वादळात अर्नाळ्याच्या या शाळेची कौलं गेली, तेव्हा वर सिमेंटचे पत्रे आले आणि खाली सिमेंटच्याच सपाट तक्त्यांचं छत. उरलेले तुकडे मास्तरांनी फेकू दिले नाहीत. घरच्या ओट्यावर करवतीने कापून त्या तुकड्यांच्या पाट्या केल्या. पाच वर्षांत कोळ्यांचं एकही पोर पाटीवाचून घरी परतलं नव्हतं.

"मास्तर, थांबवा ते."

कुंपणापलीकडे सेबेस्टियन उभा होता. मुंबईला अशाच पत्र्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं काढून तो दोन महिन्यांपूर्वी परतला, तो धापा टाकतच. डॉक्टरांनी क्षय सांगितला. गावाने त्याचा कप वेगळा केला.

"कमळे, लांब हो," मास्तर म्हणाले.

"माझ्यापासून लांब करता, अन् हातात ते देता?" सेबेस्टियन म्हणाला. "तेच कापत होतो मी."

"सिमेंट आहे रे."

"आत धागा असतो, दगडाचा. केसाहून बारीक. श्वासासंगं गेला की बाहेर नाय येत." तो थांबला, कुंपणाला धरून दम घेतला. "करवतीवर नऊ जन होतो. नऊच्या नऊ जनांना क्षय म्हनतात. एका खोलीत बायको अन् चार पोरं माझ्याजवळ झोपली. त्यांतल्या एकाला तरी झाला काय?"

मास्तर म्हणजे पोरांना हिशेब पुन्हा पुन्हा मांडून दाखवणारा माणूस. हा हिशेब त्यांनी मनात दोनदा मांडला.

सेबेस्टियनने खिशातून काडेपेटी काढली. "श्वासात जोर किती उरला ते बघायला मुंबईचा डॉक्टर हे करायला लावतो." काडी पेटवून त्याने वीतभर अंतरावर धरली, ओठ पुढे काढले आणि फुंकलं. ज्योत वाकली, पुन्हा सरळ झाली. त्याने परत फुंकलं. काडी जळत बोटांपर्यंत आली.

काका गंमत करतोय असं कमळीला वाटलं. तिने पुढे होऊन एका फुंकरीत ती विझवली.

या वेळी मास्तर तिला लांब हो म्हणाले नाहीत. घासायला घेतलेली दुसरी पाटी त्यांनी खाली ठेवली.

त्या दिवशी शिकवणं झालंच नाही. पोरांना बाहेर चिंचेखाली बसवून मास्तरांनी स्वतः पाट्यांवर पाणी ओतलं, भिजलेल्या पाट्या गोणपाटात बांधल्या आणि शाळेमागे खोल खड्डा खणून पुरल्या. सेबेस्टियन लांबून सांगत होता.

"सुकं झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, अन् फडकंही त्यातच टाका."

"आणि छत?"

"त्याला छेडू नका. शाबूत हाय तोवर खिळा नाय, करवत नाय. फुटलं तर आधी पानी, मग हात."

मास्तरांनी ते फळ्यावर लिहून काढलं.

"उद्या कशावर लिहायचं?" कमळीने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"वाळूवर. चुकलं तर पुसायला सोपं."

पोरं पांगल्यावर मास्तर कुंपणापाशी गेले. पहिल्यांदाच इतक्या जवळ.

"किती दिवसांत कळतं?"

"मला नऊ वर्षं काही नव्हतं," सेबेस्टियन म्हणाला.

घरी आले तेव्हा त्यांची मुलगी रिटा ओटा झाडत होती. पाट्या कापायला लागल्यापासून ती रोज संध्याकाळी झाडायची, सुक्या झाडूने. मास्तरांनी तिच्या हातातला झाडू घेतला, बादलीत बुडवला आणि ओटा स्वतः धुऊन काढला.

"आज काय झालंय तुम्हाला, बाबा?"

"काही नाही. तू आत जा."

रात्रीची रोजरीची प्रार्थना झाली. मेणबत्ती विझवायला रिटाने नेहमीप्रमाणे बोटं ओली केली.

"फुंकरीने विझव."

ती एका फुंकरीत विझली. वातीचा धूर वर गेला. मास्तरांनी काडी ओढून मेणबत्ती पुन्हा लावली.

"परत."

"विझली ना, बाबा."

"हो, विझली," ते म्हणाले, आणि मेणबत्ती त्यांनी वीतभर मागे सरकवली.